मोसंबीवाल्याच्या खिशातलं भिंग

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण ‘मंगू’चा काळपट डाग पडला की व्यापारी भाव पाडणारच. हा डाग कोळ्यामुळे पडतो. कोळी 0.2 मिलिमीटरपेक्षाही लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. म्हणून डाग दिसण्याआधी, हिरव्या फळांवरच त्याला शोधायचं, तर घडीचं भिंग हवं. धातूच्या कवचातून काच बाजूला फिरवून उघडायची, काम झालं की आत. ओरखडे पडत नाहीत.

10 पट पुरे. ‘30 पट’, ‘60 पट’ असे आकडे छापलेली स्वस्त भिंगं बहुधा तेवढं मोठं दाखवतच नाहीत. आणि खरंच दाखवलं, तरी काच फळाला जवळजवळ टेकवावी लागते, उजेड अडतो, हात जरा हलला की सगळं धूसर. 10 पटीला साधारण अडीच सेंटिमीटर अंतर मिळतं.

भिंग दुकानातच आलेखाच्या कागदावर धरून पाहा. कडेच्या रेघा वाकल्या किंवा त्यांना रंगीत झालर दिसली, तर ते ठेवून द्या. बागेत भिंग डोळ्याशी धरा, फळ त्याच्याजवळ आणा, उलट नको. कोळी दिसले, तर फवारणीआधी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात फळ दाखवून घ्या.