कोपरांखालची फळी

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याच्या मधोमध असलेला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छर्रा साडेचार मिलिमीटर जाड असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी दहा गुण मिळतात. तरीही हिशेब करून पाहिला, तर दस्ता खांद्याशी स्थिर असताना नळीचे टोक जेमतेम पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाले की दहाचे नऊ होतात. हाताच्या बोटाचे नखसुद्धा त्याहून जाड असते.

उभ्याने नेम धरणारा खेळाडू ही स्थिरता मिळवतो ती हाडांच्या रचनेतून. पाय, कंबर, कणा आणि डाव्या बाजूचे बरगड्यांवर टेकलेले कोपर एकावर एक रचले जातात आणि साडेपाच किलोपर्यंतची रायफल त्या रचनेवर विसावते. स्नायूंकडे काम जितके कमी, तितका हाताचा कंप कमी. पण ही रचना मधूनच तुटली असेल तर?

समजा, घाटकोपरचा एक पंचविशीतला तरुण गर्दीच्या लोकलमधून पडला आणि पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. मुंबईच्या सरकारी रुग्णालयांना हा प्रसंग नवा नाही. शस्त्रक्रिया होते, पुनर्वसन होते, व्हीलचेअर येते. हात पूर्ण शाबूत असतात. पण पाय गेलेले दिसतात तसे पोटाच्या खालच्या भागातले स्नायू गेलेले दिसत नाहीत. तो दोन्ही हात पुढे करून एखादी जड वस्तू उचलू गेला की धड पुढे कोलमडते. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे, खाण्यापिण्याने भरून येईल. तो अशक्तपणा नसतो. धडाला मागून-पुढून ताणून धरणाऱ्या दोऱ्यांपैकी पुढच्या दोऱ्या तुटलेल्या असतात. अशा माणसाला रायफल धरायची असेल, तर त्याच्यापुढे एक फळी हवी.

अपंगांच्या नेमबाजीने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. हा खेळ १९७६ च्या टोरांटो पॅरालिम्पिकपासून खेळला जातो. त्यात ‘उभ्याने’ प्रकारात व्हीलचेअरवरच्या खेळाडूला कोपर टेबलावर टेकवता येत नाही. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चौथा आला तो याच प्रकारात. ‘पालथे झोपून’ प्रकारात मात्र व्हीलचेअरवर ताठ बसलेल्या खेळाडूला दोन्ही कोपरे टेबलावर टेकवायची मुभा असते. झोपण्याचा पत्ता नसताना नाव ‘झोपून’ राहिले आहे, एवढीच गंमत. ज्यांच्या हातांतही जोर नाही, त्यांच्यासाठी वेगळा गट असतो आणि रायफलचा भार स्प्रिंग लावलेल्या स्टँडवर पेलला जातो. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ठिकाणी सुवर्णपदक जिंकणाऱ्या जयपूरच्या अवनी लेखराला २०१२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मोटार अपघातात मज्जारज्जूची इजा झाली होती.

परदेशी बनावटीचे टेबल महाग पडते, आणि नवख्याला ते लागतही नाही. आपल्या घाटकोपरच्या तरुणाला सुताराकडून ते बनवून घेता येईल, मात्र सुताराला मापे देताना शरीराचा विचार आधी करावा लागेल.

पहिले माप उंचीचे. व्हीलचेअरवर बसून, खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवले की कोपराची जी उंची येते तिथून सुरुवात करायची आणि मग गुडघे व खुर्चीचे हात फळीखाली जातात की नाही ते पाहायचे. फळी फार खाली असेल तर पाठीला पोक येतो, मान पुढे ताणावी लागते आणि तासाभरात मानेपासून डोक्यापर्यंत ठणका लागतो. फार वर असेल तर खांदे कानांकडे चढतात. पाय सरकते ठेवले, म्हणजे पाइपमध्ये पाइप आणि मध्ये खीळ, तर दोन-तीन सेंटिमीटरची सोय राहते. ती लागतेच, कारण बसायची गादी बदलली तरी उंची बदलते.

दुसरे माप पोटाजवळच्या गोलाईचे. फळीच्या अलीकडच्या कडेला अर्धवर्तुळ कापून घेतले की फळी दोन्ही बाजूंनी शरीराला कवेत घेते आणि धड कलंडायला जागा उरत नाही. ही कड कानशीने घासून गुळगुळीत करणे हे सजावटीचे काम नव्हे. इजेच्या खाली संवेदना नसते. कड बोचते आहे, सालपट निघाले आहे, हे त्या माणसाला कळतच नाही, आणि तिथल्या जखमेची पुढे महिनोन् महिने मलमपट्टी करावी लागते.

फळीसाठी १८ मिलिमीटरचे प्लायवूड पुरते. पाऊण मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद तुकडा पाच किलोच्या आसपास भरतो, गोलाई कापल्यावर त्याहून कमी. अॅल्युमिनियमचे पाय लावले तर सगळे मिळून एका हाताने उचलण्याजोगे होते. पातळ फळी हलकी पडते खरी, पण ती ढोलकीसारखी थरथरते.

पाय किती लावायचे, तीन की चार? चार पायांचे टेबल ओबडधोबड फरशीवर डुगडुगते, हा अनुभव प्रत्येक चहाच्या टपरीवर येतो. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच, कारण तीन बिंदूंतून एकच सपाटी जाते. पण तीन पायांच्या टेबलाची कड दाबली तर ते उलटू शकते. म्हणून दोन पाय खेळाडूच्या बाजूला, कोपरांच्याही बाहेर आणि थोडे मागे, आणि तिसरा पुढे मध्यभागी, असा त्रिकोण करावा, म्हणजे दोन्ही कोपरांचा भार त्रिकोणाच्या आत पडतो. पाय फळीला जिथे जोडले जातात तिथे तिरकी पट्टी द्यावी, नाहीतर सगळी डगमग त्या सांध्यातच साठते. खाली बसवायला कुबडीच्या टोकाला असते ती रबरी टोपी उत्तम. ती औषध-साहित्याच्या दुकानात मिळते.

कोपरांखाली योगासनांच्या चटईचा तुकडा चिकटवावा. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाला लागून, एक मज्जातंतू कातडीच्या अगदी खाली धावतो. कोपर आपटल्यावर वीज चमकते ती त्याचीच. कठीण फळीवर तो तास-तास दबला की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. हातावरच सगळे आयुष्य तोललेल्या, खुर्ची हातांनीच ढकलणाऱ्या माणसाने या मुंग्यांकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. कोपराचे टोक फळीवर न रोवता त्याच्या किंचित पुढचा मांसल भाग टेकवला तर तंतू सुटतो. गादीच्या जाडीला आणि टेबलाच्या मापांना स्पर्धेत मर्यादा असतात आणि त्यांची तपासणी होते, त्यामुळे पुढे स्पर्धा खेळायची असेल तर प्रशिक्षकाला विचारूनच गादी लावावी.

टेबल स्थिर झाले की शरीराच्या आतली हालचाल दिसू लागते. कोपरे रोवलेली असताना छाती फुगली की नळी वर-खाली होते. म्हणून लक्ष्यावर छर्ऱ्यांची उभी रांग पडत असेल तर बंदुकीला दोष देण्याआधी श्वास तपासावा. श्वास सोडल्यावर जो नैसर्गिक विराम येतो त्यात घोडा दाबायचा, आणि आठ-दहा सेकंदांत जमले नाही तर रायफल खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायचा. नेम ठोक्याच्या तालावर उडत असेल तर दंडावरचा पट्टा धमनीवर आवळलेला असतो. तो थोडा सरकवावा. नाडी मंद करणाऱ्या, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांना नेमबाजीत बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या नेमबाजाची दोन पदके अशा गोळीमुळेच काढून घेतली गेली. ज्यांना ती गोळी आजारासाठी लागते, त्यांनी ती मनाने थांबवू नये, आधी डॉक्टरांशी बोलावे.

मुंबईच्या हवेत आणखी एक अडचण येते. मज्जारज्जूच्या इजेखाली घाम नीट येत नाही आणि नेमबाजीचे जाकीट जाड असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीर तापत जाते. पंखा, ओला टॉवेल आणि मधूनमधून जाकीट उघडणे हवेच. लघवीची अडचण नको म्हणून सरावाआधी पाणी न पिणारे पुष्कळ असतात, त्याची किंमत मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने चुकवावी लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड खुर्चीतून उचलायचे, म्हणजे बसण्याच्या जागी जखमा होत नाहीत. नेम कितीही छान लागत असला तरी.

घरी करायचा सराव बिनछर्ऱ्याचा. बोरिवली-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये दहा मीटरची सरळ रेषा सापडत नाही, आणि सोसायटीची गच्ची किंवा जिन्यापुढची मोकळी जागा ही रेंज नव्हे. भिंतीवर लहान काळा ठिपका चिकटवून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नेम आणि घोडा यांचाच सराव करावा, तो पुष्कळ शिकवतो. भारतात ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण छर्रा झाडायचा तो रेंजवरच. छर्रे शिशाचे असतात. ते दातांत धरू नयेत, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि घरात लहान मूल असेल तर छर्ऱ्यांची डबी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि त्यात सुरक्षित असे प्रमाण नाही.

राहिला प्रवास. पाय काढून फळीला पट्ट्याने बांधले की टेबल रिक्षात मावते आणि लोकलच्या अपंगांच्या डब्यातही नेता येते. फक्त सुताराने करवत लावण्याआधी एकदा इमारतीच्या लिफ्टचे दार मोजून घ्यावे. खुर्ची आणि फळी दोन्ही एकाच खेपेत आत जायला हवीत.