मायलन : १६१ मुलांची शाळा

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. सिनसिनाटी भागात आमची तीसहून अधिक वर्षे गेली, पण बास्केटबॉलशी आमचे गोत्र कधी जुळले नाही. आमची पिढी क्रिकेटवर वाढलेली. पाच दिवस खेळून सामना अनिर्णित राहिला तरी समाधानाने घरी जाणारी! दर मिनिटाला दोन-चार गुण होणाऱ्या खेळात आमचे मन कसे रमावे?

पण चिरंजीवांचे तसे नव्हते. गॅरेजवर कडी लावून तो तासन् तास चेंडू टाकत बसे. नववीत गेल्यावर त्याने शाळेच्या संघासाठी नाव दिले. शाळेत दोन हजारांवर मुले. आपल्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे आम्हीही आधी शाळा पाहिली आणि मग तिच्या हद्दीत घर घेतले. तीन दिवस निवडचाचणी झाली, चौथ्या दिवशी जिमच्या दारावर यादी लागली. यादीत त्याचे नाव नव्हते. त्याने घरी येऊन बूट गॅरेजमधल्या फळीवर ठेवले ते ठेवलेच. आम्ही म्हणालो, ‘बरं झालं, आता अभ्यासाला वेळ मिळेल.’

तोच चिरंजीव आता चाळिशीला टेकलाय. मागच्या शरद ऋतूत तो सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, ‘बाबा, इथून तासाभरावर मायलन आहे. इतकी वर्षं इथे राहून तुम्ही ते पाहिलं नाही?’ सौ. म्हणाली, ‘चला, पोळ्या करून घेते.’ आणि आम्ही निघालो.

नकाशावर नाव वाचून आम्ही ‘मिलान, मिलान’ म्हणत होतो, इटलीतल्यासारखे. इंडियानात ते ‘मायलन’. ओहायोची हद्द ओलांडली, हमरस्ता सोडला, की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधूनच एखादा उंच सायलो. मग एक छोटे गाव येते आणि गावाच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर १९५४ सालच्या राज्य विजेतेपदाची आठवण रंगवलेली दिसते. शाळेच्या संघाचे नाव ‘इंडियन्स’. ते अर्थात इथल्या मूळ रहिवाशांवरून पडलेले. पण सौ. गाडीतून उतरता उतरता म्हणालीच, ‘अगंबाई, हे तर आपलंच गाव!’

आता १९५४ साली इथे काय घडले ते सांगतो. आमच्यासारखे अडाणी वाचक बरेच असतील अशी आशा आहे!

त्या काळी इंडियानाच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेत सगळ्या शाळा एकाच गटात खेळत. शाळा लहान असो की मोठी, शहरातली असो की खेड्यातली, चषक एकच. १९५४ साली ७५१ शाळा उतरल्या होत्या. मायलनची वस्ती सुमारे ११५०. हायस्कुलात मुले-मुली मिळून १६१, त्यांत मुलगे ७३. प्रशिक्षक मार्विन वुड अवघे सव्वीस वर्षांचे. त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकांनी परवानगी न घेता संघासाठी नवे गणवेश मागवले, म्हणून त्यांची नोकरी गेली होती म्हणे! वुड यांनी उंचीची उणीव भरून काढायला संयमाचा खेळ शिकवला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, फिरवत राहायचा, समोरच्याचा धीर सुटेपर्यंत वाट पाहायची. आपल्याकडे कबड्डीत कसलेला चढाईपटू वेळ काढतो, तसाच प्रकार.

हे यश आकाशातून पडले असे नव्हे. आदल्या वर्षी, १९५३ साली, हाच संघ राज्यातल्या शेवटच्या चारांत पोहोचून हरला होता. पोरे लहानपणापासून एकत्र खेळलेली. बॉबी प्लम्प हा त्यांचा मुख्य खेळाडू तर मायलनचाही नव्हे, शेजारच्या पियर्सव्हिल नावाच्या इवल्याशा वस्तीतला.

२० मार्च १९५४. इंडियानापोलिसचे बटलर फील्डहाऊस, ज्याला पुढे हिंकल फील्डहाऊस म्हणू लागले, ते पंधरा हजार प्रेक्षकांनी भरलेले. समोर मन्सी सेंट्रल ही दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची शाळा. आधीची चार विजेतेपदे तिच्या खात्यात, आणि मुले उंचीनेही वरचढ. मध्यंतराला मायलन २३-१७ असे पुढे होते, पण तिसऱ्या टप्प्याअखेर बरोबरी झाली, २६-२६. मग मन्सीने दोन गुणांची आघाडी घेतली. आणि आता गंमत पाहा. पिछाडीवर असताना प्लम्प चेंडू हातात धरून चक्क उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटे... तब्बल चार मिनिटे आणि तेरा सेकंद! तेव्हा शालेय सामन्यात ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नव्हता. प्रशिक्षकांचा हिशेब सरळ होता. सामना जितका आखूड, तितका बलाढ्य संघाचा फायदा कमी.

शेवटी ३०-३० अशी बरोबरी झाली. अठरा सेकंद उरले. बाकी चौघांनी एका बाजूला सरकायचे आणि प्लम्पला मैदान मोकळे करून द्यायचे असे ठरले. त्याने थोडा वेळ काढला, समोरच्याला हुलकावणी दिली, थबकला आणि उडी मारून चेंडू टाकला. ३२-३०. घड्याळात जेमतेम तीन सेकंद बाकी.

त्या रात्री पोलिसांच्या मोटारसायकलीमागून विजेत्यांच्या गाड्यांनी इंडियानापोलिसच्या मध्यवर्ती चौकाला, मॉन्युमेंट सर्कलला, फेरी घातली, तीही उलट्या दिशेने. दुसऱ्या दिवशी गावी परतताना मागे मोटारींची मैलोगणती रांग लागली. साडेअकराशे वस्तीच्या गावात त्या दिवशी सुमारे चाळीस हजार माणसे जमली असा अंदाज सांगतात. आपल्याकडे गावच्या जत्रेला येतात तशी!

गावातल्या जुन्या बँकेच्या इमारतीत ह्या संघाचे छोटेसे संग्रहालय आहे. आत शिरताच तिथल्या आजीबाईंनी ‘कुठून आलात?’ विचारले, आणि आम्ही ‘इंडियाहून’ म्हणावे की ‘ओहायोहून’ ह्या विचारात असताना चिरंजीव खेळाडूंच्या फोटोंसमोर जाऊन उभाही राहिला होता.

पण एवढे वेड खेड्यांत आले कुठून? त्यामागे शेतीचे गणित आहे. अमेरिकन फुटबॉलला एका वेळी अकरा धट्टीकट्टी मुले लागतात, तीही ऐन सुगीत. बास्केटबॉलला पाच पुरतात, आणि तो खेळ हिवाळ्याचा. मका घरात आलेला, बाहेर बर्फ, करायला काम नाही आणि गावात मोठी उबदार जागा एकच, शाळेची जिम. शुक्रवारी संध्याकाळी अख्खे गाव तिथे. वाणी, डॉक्टर, पाद्री, सगळे एका बाकावर. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला मॅसेच्युसेट्समध्ये, पण त्याला घर मिळाले ते इंडियानात. राज्यस्पर्धा १९११ पासूनची. १९१३ आणि १९१४ साली लागोपाठ विजेती ठरलेल्या विंगेट ह्या चिमुकल्या गावाच्या शाळेला तर स्वतःची जिमही नव्हती. मुले सरावाला शेजारच्या गावी जात.

ह्या कथेवरून १९८६ साली ‘हूझियर्स’ हा चित्रपट निघाला. जीन हॅकमन त्यात प्रशिक्षक आहे. चित्रपटातले ‘हिकरी’ गाव काल्पनिक आणि भूतकाळाचे ओझे वाहणारा तो प्रौढ प्रशिक्षकही काल्पनिक. पण शेवटचा सामना चित्रित झाला तो खऱ्या फील्डहाऊसमध्येच.

चित्रपटात नसलेली एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. अंतिम टप्प्याकडे जाताना मायलनने क्रिस्पस ॲटक्स ह्या शाळेला ६५-५२ असे हरवले होते. ही इंडियानापोलिसची कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली शाळा, १९२७ साली उघडलेली. १९४२ पर्यंत तिला राज्यस्पर्धेत प्रवेशच नव्हता. त्या संघात एक पंधरा वर्षांचा मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढे तो देशातल्या थोर खेळाडूंत गणला गेला. १९५५ साली ॲटक्सने विजेतेपद मिळवले, १९५६ साली एकही सामना न हरता पुन्हा मिळवले. पण १९५५च्या त्या रात्री त्यांच्या मिरवणुकीला सर्कलवर रेंगाळू दिले नाही. तिथून थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे नेऊन उत्सव तिथे करायला लावला. स्वतःच्याच शहरात! रॉबर्टसन यांनी हा सल आयुष्यभर बोलून दाखवला. मायलनच्या मुलांचा ह्यात काही दोष नाही. पण कोण ‘आपला’ आणि कोण ‘पाहुणा’, हे चषक जिंकूनही ठरत नाही, एवढे आपल्यासारख्या परदेशी येऊन राहिलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

आज अशी गोष्ट घडणार नाही. १९५९ साली राज्याने शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि गावोगावच्या छोट्या शाळा एकत्र केल्या गेल्या. १९५४च्या ७५१ शाळांपैकी १९९७ पर्यंत चारशेही उरल्या नाहीत. त्यात गैर काही नव्हते. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, चांगले शिक्षक, चार जादा विषय मिळतात. आम्ही स्वतः त्यासाठीच घर घेतले ना! १९९७ साली सर्वांची मिळून एकच असलेली स्पर्धाही संपली आणि पुढच्या मोसमापासून विद्यार्थीसंख्येनुसार चार गट झाले. बॉबी प्लम्प यांनी ह्या बदलाला उघड विरोध केला. त्याचे कारण समजते, आणि दुसरी बाजूही समजते. मायलननंतर एवढी छोटी शाळा त्या स्पर्धेत पुन्हा कधी जिंकली नव्हती. दरवर्षी मार खायला मुलांना किती दिवस पाठवायचे?

परतताना गाडीत आम्ही हाच वाद घालत होतो. चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, त्र्याहत्तर मुलगे. म्हणजे बघा, तिथे मी बहुतेक संघात असतो. खेळलो नसतो कदाचित, पण बाकावर तरी बसलो असतो.’ सौ.ने खिडकीबाहेर पाहिले. आम्हीही काही बोललो नाही. ते ‘बरं झालं’ आठवत होते.

छोट्या शाळेचे खरे बळ हेच असावे. चषक पंचाहत्तर वर्षांत एखादाच. पण तिथे माणसे मुळातच कमी, त्यामुळे प्रत्येकाची गरज लागते. कोणाला गाळून चालत नाही. आणि असे गरजेचे असण्यातून मुलाचे काही बिघडत नाही बरं का. मायलनच्या त्या संघातली बहुतेक मुले पुढे कॉलेजातही गेली.

वाचकहो, आपल्या मंडळाचे सुरुवातीचे दिवस आठवा. एका कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये बारा घरांचा गणपती. नाटकाला माणसे कमी, म्हणून ज्याला धड वाक्य पाठ होत नाही त्यालाही हवालदार केले जाई. त्या हवालदाराचे संवाद आजही लोक आठवून हसतात. आता आपण शेकड्यांनी आहोत, सभागृह भाड्याने घेतो, आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी मुलांची निवडचाचणी ठेवतो. कार्यक्रम देखणा होतो, ह्यात वाद नाही. पण यादी लागते तेव्हा तीत नाव नसलेली मुले घरी जाऊन काय करतात, हे कोणी पाहिले आहे?

कार्यकारिणीला आमची एक नम्र सूचना आहे. निवडचाचणी हवी तर ठेवा, पण एक प्रवेश असा ठेवा की ज्यात येईल त्या प्रत्येक मुलाला उभे राहता येईल. हवालदार म्हणून का होईना. तालमीसाठी आमचे गॅरेज मोकळे आहे. कडी अजून जागेवर आहे, फक्त तिचे जाळे बदलायला झाले आहे.