ब्रिटनमधील भारतीय ‘टेकअवे’ आणि खाद्यरंग

ब्रिटनमधील ‘टेकअवे’ म्हणजे आपल्याकडील ‘पार्सल’. तेथील ‘इंडियन’ म्हणविणारी बहुसंख्य उपाहारगृहे मुळात सिल्हेटी बांगलादेशींची आहेत, हे जाता जाता नमूद करावयास हवे. २००४ साली सरे परगण्याच्या व्यापार-मानक विभागाने अशा १०२ उपाहारगृहांतील चिकन टिक्का मसाला तपासला, तेव्हा ५७ टक्के ठिकाणी कृत्रिम रंगांचे प्रमाण कायदेशीर मर्यादेबाहेर आढळले. टार्ट्राझीन (पिवळा), सनसेट यलो (नारिंगी) व पॉन्सो ४आर (तांबडा) हे ते रंग होत. ते निषिद्ध नव्हते. प्रश्न मात्रेचा होता. कारखान्यात रंग तोलून घातला जातो, उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात तो बहुधा चमच्याने, नजरेच्या अंदाजाने पडतो. चवीत त्याने काडीची भर पडत नाही. काश्मिरी मिरची व हळद यांनीही रंग येतो. परंतु दही-मलईत तो फिका पडतो आणि ग्राहकाच्या डोळ्यांना तर भडक रंगाचीच सवय जडलेली असते. सारा दोष एकट्या आचाऱ्याच्या माथी मारणे म्हणूनच न्याय्य ठरत नाही.

२००७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही रंग व सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाचा बालकांतील अतिचंचलतेशी संबंध दिसून आला. परिणाम अल्प होता. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघाने उपरोक्त तिन्हींसह सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. पार्सलच्या डब्यावर मात्र सहसा घटकांची यादीच नसते.

भारतात कर्नाटक शासनाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये व जूनमध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली.