कचऱ्याचा कायदा (लेखांक ६) : खड्ड्यात काय जावं?

दवाखान्यातला कचरा, ई-कचरा, बांधकामाचा राडारोडा आणि कारखान्यांतला घातक कचरा यांना स्वतंत्र नियम का आहेत, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हे सगळं बाजूला काढलं की उरतो तो घरातला, मंडईतला, हॉटेलांतला रोजचा कचरा. त्यातला कोणता जमिनीत पुरायचा, हा आजचा विषय.

घंटागाडी भरली की डंपिंग ग्राउंडवर रिकामी करायची, असंच आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. कायद्याला मात्र हे मान्य नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर २००० साली शहरांच्या घनकचऱ्यासाठी देशभर लागू होणारे नियम आले आणि २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. २०१६च्या नियमांनी घरातच कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले : ओला, सुका आणि घरगुती घातक. या तिसऱ्या भागात रंगाचे रिकामे डबे, ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया असं सगळं येतं. भरावभूमी म्हणजे लँडफिल; तिच्याबद्दलची अट याहून कडक होती. जे पुन्हा वापरता येत नाही, ज्याचं पुनर्चक्रीकरण होत नाही, जे कुजत नाही, जळत नाही आणि ज्याची कशाशी रासायनिक क्रिया होत नाही, तेवढंच पुरायचं; शिवाय प्रक्रिया केल्यावर उरलेला टाकाऊ भाग. जळल्यावर ज्या कचऱ्यातून किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता मिळते, तो पुरायला मनाई केली गेली.

ही चाळणी लावली तर रस्ता झाडून निघालेली धूळमाती, गटारांतला गाळ आणि प्रकल्पांतून निघालेलं उरलंसुरलं एवढंच खड्ड्याच्या वाट्याला येतं. भाजीचे देठ नाहीत, पुठ्ठे नाहीत, चिंध्याही नाहीत.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. शिळा वरणभात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली जाते आणि ती पिशवी वर्तमानपत्रांच्या रद्दीसोबत एकाच डब्यात पडते. गाडीतल्या दाबयंत्राखाली पिशवी फुटते, भात कागदाला चिकटतो, कागद ओला होतो. रद्दीवाल्याने पैसे देऊन नेला असता तो कागद आता कोणी घेत नाही आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांमुळे त्या भाताचं चांगलं खतही होत नाही. दोन्ही वस्तू घरातून निघाल्या तेव्हा कामाच्या होत्या. कचऱ्याचा वर्ग प्रयोगशाळेत ठरण्याआधी आपल्या ओट्याखाली ठरतो, असं मी म्हणतो ते यासाठी.

२०१६च्या नियमांनुसार जे पुरायचं, तेही नुसत्या खड्ड्यात नव्हतं. तळाला किमान ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर दाबून बसवायचा. त्यातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त वेगाने झिरपता कामा नये; ढोबळ हिशेबाने वर्षाकाठी तीनेक सेंटिमीटर. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लॅस्टिकचं अस्तर. भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या थराखाली किमान दोन मीटर हवी. कचऱ्यातून पाझरणारं काळं पाणी, म्हणजे लिचेट, नळ्यांनी गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची. रोज काम संपलं की कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा. जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी. भरावभूमी बंद केल्यावरही निदान १५ वर्षं देखभाल चालू ठेवायची.

यातलं काहीच नसेल तर काय होतं, ते मुंबईतल्या देवनारच्या डंपिंग ग्राउंडने दाखवलं. १९२७ पासून वापरात असलेल्या या कचऱ्याच्या डोंगरात ओला कचरा हवेविना कुजत राहिला, मिथेन साठत गेला आणि जानेवारी २०१६च्या अखेरीस लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला आणि शेजारच्या वस्त्यांतल्या मुलाबाळांनी तो छातीत घेतला. पुढच्याच महिन्यात कचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अटींवर सैल केली.

देवनारला लँडफिल म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते उघडं डंपिंग ग्राउंड आहे आणि तशी ठिकाणं महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत. तळाला अस्तरच नसेल, तर वर कितीही माती टाकली तरी खालचं पाणी वाचत नाही.

पालिकांनी दरवर्षी कचऱ्याचा अहवाल द्यावा, अशी तरतूद २०१६च्या नियमांत केली होती. आपल्या गावाचा अहवाल मागा; मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. गोळा झालेल्या कचऱ्यापैकी किती टन पुरला आणि तो कोणत्या जागेत, एवढे दोनच प्रश्न विचारा.