प्रार्थनेत रस्त्याचं नाव

पहाटे 4.30

ठाण्यात अवजड वाहनांना प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे आमच्या वडपे गावच्या गोदामांतून रात्रभर गाड्या सुटतात. मला जाग येते ती ट्रेलरच्या ब्रेकच्या फुसकाऱ्याने. तोंड धुऊन नित्य प्रार्थनेचं पुस्तक उघडतो. सकाळच्या प्रार्थनेत जखऱ्याचं गीत रोज येतं, त्या म्हाताऱ्याचं, ज्याची गेलेली वाचा मुलाच्या नामकरणाच्या दिवशी परत आली. मोबाइलवर वर्तमानपत्र वाचतो ते त्यानंतर. हा क्रम मी मोडत नाही. आधी बातम्या वाचल्या तर स्तोत्र म्हणताना मन भांडत राहतं.

सकाळी 6.00

माझ्याकडे चर्चची इमारत नाही. भाड्याची खोली आहे, लाकडी टेबलाची वेदी आहे आणि भिंतीवर क्रूस आहे. आज गुरुवार, आगमनकाळाचा दुसरा आठवडा, म्हणून जांभळं वस्त्र. मिस्साला रात्रपाळी संपवून आलेली पोरं असतात, बहुतेक झारखंडची, गुमला-सिमडेगाकडची. एक तमिळ कुटुंब येतं आणि माझ्याच वसईकडचा एक सुपरवायझर. मिस्सा हिंदीत, एखादं गीत मराठीत. पोरांचे डोळे मिटतात. मी कुणाला जागं करत नाही. दहा तास खोकी उचलून आलेला माणूस वेदीसमोर डुलकी घेतो, ते देवाला चालत असणार याबद्दल मला शंका नाही.

विश्वासूंच्या प्रार्थनांना मात्र मी सगळ्यांना उभं करतो. मिस्सातला हा भाग शतकानुशतके हरवला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात तो परत आणायला सांगितलं. छापील पुस्तकातल्या प्रार्थना गोल गोल असतात: जगात शांती नांदो, आजाऱ्यांना आराम पडो. इथे मी एक वही ठेवली आहे. ज्याची विनंती असेल त्याने स्वतःच्या हाताने लिहायची आणि नेमकं लिहायचं. 'कामगारांसाठी' असं लिहिलं की मी विचारतो, कोणत्या? कोणत्या गाळ्यातले? काय झालं त्यांना? आज वहीत होतं: सर्व्हिस रोडवर दिवे नाहीत, रात्री बाया चालत येतात, त्यांच्यासाठी. सगळ्यांनी 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटलं. देवाला तपशील ठाऊक आहेत, ते वेगळे कशाला सांगायचे, असं काही फादरबंधू मला म्हणतात. तपशील देवाला नाही, आपल्याला कळायला हवेत. शेजारच्याचं दुःख काय ते न विचारता केलेल्या प्रार्थनेत मला आळस दिसतो.

सकाळी 8.30

नाक्यावर चहा. माजिवडा ते वडपे हा 23.8 किलोमीटरचा महामार्ग आठपदरी होतोय आणि आमचं गाव त्या कामाच्या एका टोकाला आहे. पलीकडे आमणे, जिथे समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. इगतपुरी-आमणे हा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे 701 किलोमीटर पूर्ण झाले. टपरीवर एक आगरी काका रोज भेटतात. त्यांच्या शेतावर आता गाळे आहेत आणि भाडं वेळेवर येतं. "जमीन नाय गेली फादर, भात गेला," ते म्हणाले. मग घरातल्या सुनेच्या बाळंतपणासाठी प्रार्थना करा म्हणाले, आणि देवीलाही नवस बोलल्याचं मोकळेपणाने सांगितलं. मी दोन्हीला बरं म्हटलं. सुनेचं नाव विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.

सकाळी 10.00

कागदांची वेळ. लग्न ठरलेल्या पोराला त्याच्या गावच्या धर्मग्रामाकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचं पत्र हवं. त्यासाठी झारखंडच्या फादरांना फोन. मग दुसरे कागद, ज्यांचा वेदीशी संबंध नाही असं लोकांना वाटतं: भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचं कार्ड, ठेकेदाराचं नाव. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. म्हणून हल्ली माझा पहिला प्रश्न: पत्र मिळालं का? पोरं हसतात. कायदा लागू झाला म्हणजे कागद हातात आला असं होत नाही. मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं जाण्याची भीती असते.

पुरोहिताने यात पडावं का, असं विचारणाऱ्यांना मी कॉन्स्टंट लिव्हेन्स यांची गोष्ट सांगतो. हे बेल्जियन जेझुइट फादर 1885 मध्ये छोटा नागपूरला आले. मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार गिळत होते. लिव्हेन्स जमिनीचा कायदा शिकले आणि लोकांच्या खटल्यांना बळ देऊ लागले. ते 1893 मध्ये, ऐन तरुणपणी, क्षयाने गेले. माझ्यासमोर बसलेल्या पोरांच्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा पोचली ती अशी, कोर्टाच्या पायऱ्यांवरून. त्यांना नियुक्तीपत्राबद्दल विचारताना मी काही नवं करत नाही.

दुपारी 1.00

भात, वालाची आमटी, सुका बोंबील. नंतर अर्धा तास झोप.

दुपारी 3.00

कंबर धरलेल्या एका लोडरकडे गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण, पाळीपाळीने झोपणारे. रुग्णाभ्यंगाचं तेल त्याच्या कपाळाला आणि तळहातांना लावलं. या संस्कारात तळहात का निवडले असावेत, हे वडप्यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

परतताना आगीत गेलेल्या गोदामांची आठवण झाली. 2025 च्या मे महिन्यातले ते दिवस मला एकामागून एक आठवतात. 8 तारखेला पोप लिओ चौदावे निवडले गेले. 10 तारखेला त्यांनी कार्डिनलांना आपल्या नावाचं कारण सांगितलं: लिओ तेराव्यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात कारखान्यातल्या मजुराची बाजू घेतली होती, आणि आता यंत्रबुद्धीच्या काळात कामाची प्रतिष्ठा पुन्हा धोक्यात आहे. 11 तारखेच्या रविवारी त्यांनी युक्रेन आणि गाझाबरोबर भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचाही उल्लेख केला. आम्ही आनंदात होतो. 12 तारखेच्या पहाटे वडप्यात आग लागली आणि वीसहून जास्त गोदामं भस्म झाली. जीवितहानी झाली नाही, म्हणून बातमी लवकर विरली. पण गोदाम जळालं की त्या महिन्याची मजुरीही अडकते, आणि हजेरीची वही आत जळाली असेल तर मजूर कुणाला काय दाखवणार? याच तालुक्यात वळपाड्याला 29 एप्रिल 2023 ला तीन मजली इमारत कोसळून आठ माणसं गेली. तिथे खाली गोदाम होतं आणि वर माणसं राहत होती. आगीची आणि इमारतीची, या दोन तारखा आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. त्या दोन्ही दिवशी आम्ही त्यांच्या आठवणीत मिस्सा करतो.

संध्याकाळी 5.00

एका मुलीच्या आईचा छत्तीसगडहून फोन. मुलीला इथे पॅकिंगचं काम मिळतंय, पण पाठवायची हिंमत होत नाही. जुलै 2025 मध्ये दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन सिस्टरांना अटक झाली; त्यांच्याबरोबर कामासाठी निघालेल्या तरुण आदिवासी मुली होत्या, आणि आरोप होता मानवी तस्करीचा व धर्मांतराचा. 2 ऑगस्टला सिस्टरांना जामीन मिळाला. आईच्या मनातली भीती मात्र कोर्टाच्या आदेशाने जात नाही. देव बघेल, असं मी तिला म्हटलं नाही. प्रवासात कोणती ओळखपत्रं जवळ ठेवायची, कोणत्या गाडीने यायचं, उतरल्यावर कुणाला फोन करायचा, हे सावकाश सांगितलं. मग दोघांनी फोनवर प्रभूची प्रार्थना म्हटली, तिने हिंदीत, मी मराठीत.

संध्याकाळी 7.00

दिवसपाळीची माणसं येतात. रोझरीची माळ. या वेळी मला पोप फ्रान्सिस आठवतात. 2023 च्या ऑक्टोबरपासून ते जवळजवळ रोज संध्याकाळी गाझातल्या पवित्र कुटुंब धर्मग्रामाला फोन करत. स्वतः इस्पितळात असतानाही करत. कसे आहात, आज काय खाल्लं, असं विचारत. 21 एप्रिल 2025 ला ते गेले, आणि 17 जुलैला त्याच चर्चवर मारा होऊन तीन जणांचा जीव गेला. अब्जाहून अधिक कॅथलिकांचा प्रमुख एका धर्मग्रामाला जेवणाबद्दल विचारत होता. मला त्यांची सगळी परिपत्रं एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे वाटतो. माळ संपल्यावर मीही प्रत्येकाला तेच विचारतो. आज दोघांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. आमटी उरली होती, भात लावला.

रात्री 9.30

रविवारच्या प्रवचनाची तयारी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ असतं. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. ते 'सुवार्ता' मासिकाचे 1983 ते 2007 संपादक होते, आणि वसईच्या पाण्यासाठी, हिरवाईसाठी लढताना त्यांनी धमक्या सोसल्या. 25 जुलै 2024 ला ते गेले. वसईच्या विहिरीबद्दल लिहिताना ते धर्मगुरूच राहत, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडून शिकायचं आहे.

रविवारचा उतारा मत्तयाच्या अकराव्या अध्यायातला. तुरुंगात पडलेला योहान निरोप पाठवून विचारतो की येणारा तो तूच का. येशू हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांपर्यंत शुभवार्ता पोचते, असं घडलेलं सांगून निरोप्यांना परत धाडतो. प्रवचन एवढ्यावरच बेतलंय. वडप्याहून योहानाला निरोप धाडायचा झाला तर त्यात काय लिहिता येईल, हे मी लोकांनाच विचारणार आहे. कुणाला पत्र मिळालं, कुणाची थकलेली मजुरी सुटली, सर्व्हिस रोडवर दिवा लागला का. उत्तरं वहीत लिहून घेईन. दिव्यासाठीचा अर्ज उद्या सकाळी ग्रामपंचायतीत द्यायचा आहे; काकांनी बरोबर यायचं कबूल केलंय.