बाथरूम मोजायचे कसे?

बारामतीत किंवा इंदापुरात फ्लॅटची जाहिरात वाचताना ‘2 बीएचके’ ही अक्षरे आधी दिसतात. त्यांत बेडरूम, हॉल, किचन आहे, बाथरूम नाही. त्यामुळे एका ‘2 बीएचके’त दोन अटॅच्ड, तर दुसऱ्यात एकच कॉमन, असे निघू शकते.

खरा घोळ पुढे आहे. संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे बांधायची आपल्याकडची जुनी पद्धत. ही जोडी एक धरायची की दोन? 2011 च्या जनगणनेने दोन्हींची नोंद स्वतंत्र घेतली. न्हाणीघराला छत आहे की नुसताच आडोसा, हेही विचारले. अमेरिकेत फक्त कमोड-बेसिनची खोली ‘अर्धी’ धरतात, म्हणून तिथे अडीच बाथरूमचे घर असते.

2016 च्या रेरा कायद्यानुसार बाथरूम चटईक्षेत्रात येते, पाइपांची डक्ट येत नाही. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा लहान इमारतीत घर घेताना मंजूर नकाशा जरूर मागावा. त्यावर ‘डब्ल्यूसी’ आणि ‘बाथ’ वेगळे दाखवलेले असतात. दोन्ही एकत्र असतील तर ‘टॉयलेट’ लिहिलेले असते.