सुट्टीतील दुपार

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही, आणि त्याच दिवसापासून घरोघरच्या आया शाळा उघडण्याचे दिवस बोटांवर मोजू लागतात. छत्तीसगढात ही सुट्टी रीतीप्रमाणे १ मेच्या सुमारास सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. परंतु अलीकडे उन्हाचा कडाका इतका लवकर सुरू होतो की, २०२४ साली शासनाला ती २२ एप्रिलपासूनच जाहीर करावी लागली. म्हणजे १५ जूनपर्यंत तब्बल पंचावन्न दिवस! एवढ्या दिवसांत मुलांनी करायचे काय, हा प्रश्न सगळ्याच गावांतला आहे. पण भिलाईसारख्या गावात त्याला एक वेगळाच पीळ पडलेला आहे. म्हणून त्या गावाच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे मी योजले आहे.

भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले, नागपूर-हावडा लोहमार्गावरचे गाव. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन तेथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टर पाडून एक आखीव नगर वसले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे त्याच्या क्वार्टरांतून शेजारी शेजारी राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी वस्ती आहे, आणि १९५६ पर्यंत दुर्ग-रायपूरचा कारभारही नागपुराहूनच चाले. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला भिलाई म्हणजे परमुलूख असे फारसे वाटले नाही.

आता त्या पिळाविषयी. झोतभट्टी एकदा पेटली की ती रात्र पाहत नाही आणि रविवारही पाहत नाही. तेव्हा कारखाना तीन पाळ्यांत चालतो : सकाळी सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा, आणि दहा ते पहाटे सहा. रात्रपाळी करून घरी आलेला माणूस आंघोळ-न्याहारी आटोपून अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा त्याच्या मुलांचा दिवस कुठे सुरू होत असतो. वितळलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्या माणसाची झोप ही चैनीची वस्तू नव्हे. तिच्यावर त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा जीव अवलंबून असतो. आणि नेमक्या ह्याच वेळी बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांकडे निघालेला असतो. रस्ते ओस पडतात, लू वाहू लागते. मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि घरात मोठ्याने बोलू देता येत नाही! सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंतचे हे सात तास, हाच ह्या गावातल्या सुट्टीचा खरा प्रश्न आहे. सकाळ आणि संध्याकाळ मुले आपली आपण पाहून घेतात.

पूर्वी ह्याला एक सोपे उत्तर होते, आणि ते म्हणजे आजोळ. भिलाईहून नागपूर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांवर. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की ट्रंका भरायच्या आणि गाडीत बसायचे. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा, आमगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा ही स्थानके त्या पिढीच्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असत. आजोळी मोठा वाडा असे, मामेभावंडे असत, आणि मुख्य म्हणजे ज्यांना दुपारी झोपायचे त्यांच्यासाठी वेगळी खोली असे. आता आजीच दोन खोल्यांच्या सदनिकेत राहते, मामा-मामी दोघेही नोकरीला जातात, आणि आठ दिवसांच्या वर कोणाकडे राहणे कोणालाच सोयीचे उरलेले नाही. आजोळ गेले याबद्दल नुसता उसासा टाकून भागणार नाही. त्याची जागा कशाने घेतली हे पाहिले पाहिजे.

ती जागा मोबाइलने घेतली आहे. मोबाइलविषयी बोलताना आपण मुलांच्या हट्टाला दोष देतो. मला वाटते, तो घरात शिरला तो हट्टाच्या वाटेने नव्हे. मुलाला तासन् तास एका जागी आणि मुकाट बसवून ठेवणारी ती एकमेव वस्तू होती, आणि घराला नेमकी त्याच गोष्टीची नड होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन केले आहे. त्यानुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये. ही मर्यादा ठाऊक असूनही पाळली जात नाही. कारण "दाखवू नका" एवढे सांगून दुपारचे सात तास सरत नाहीत. मोबाइलऐवजी जे द्यायचे ते तितकेच शांत आणि तितकेच गुंतवून ठेवणारे हवे. अशी गोष्ट एकच आहे : हाताचे काम. हात गुंतले की तोंड आपोआप मिटते.

हा शोध माझा नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा परदेशी साधनांवर पैसे खर्चण्याऐवजी बिया, शिंपले, पाने, फुले, गारगोट्या यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. पुढे अरविंद गुप्ता ह्या अभियंत्याने तोच मार्ग विज्ञानाच्या अंगाने चोखाळला. कानपूरच्या आय. आय. टी.तून पदवी घेऊन त्यांनी पुण्यास मोटारींच्या कारखान्यात काम केले. तिथून ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्याकडे वळले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून त्यांनी मुलांसाठी भूमिती उभी केली. भिलाईसारख्या अभियंत्यांच्या गावात हा खेळ घरोघर असायला हरकत नाही.

तो असा. आगपेटीच्या काड्यांवरचा गूल खरवडून टाकावा. हे काम मोठ्या माणसाने करावे. नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापावेत आणि एकेका तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी खुपसावी. अशा चार काड्यांचा चौकोन करून दाबला तर तो लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार बदलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण केले, की तोही ताठ होतो. ती काडी बाजूच्या काड्यांहून लांब लागते. किती लांब, हे मुलाने मोजून काढावे. एवढे हाताला उमगले की मुलगा संध्याकाळी रेल्वेचा पूल, विजेचा मनोरा, कारखान्याच्या छताच्या कैच्या यांकडे पाहू लागतो आणि सगळीकडे त्याला त्रिकोण दिसू लागतात. हे बापाला समजावून सांगण्यात त्याला जो आनंद होतो, तो वेगळाच. नळी मिळाली नाही तर वाटाणे भिजत घालावेत आणि दात कोरायच्या काड्या घ्याव्यात. फ्रोबेल ह्या जर्मन शिक्षकाच्या बालशाळेत हाच उद्योग चाले. वाटाणे वाळले की सांधे पक्के होतात, आणि मोडले तर नुकसान मूठभर वाटाण्यांचे.

मात्र एक पथ्य आहे. सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मूल हमखास "मला कंटाळा आला" म्हणत मागे लागते, आणि आपण धास्तावून त्याच्यापुढे एकामागून एक करमणुकी टाकत सुटतो. ते दोन-तीन दिवस दम धरावा. सामान हाताशी ठेवावे, एकदा कृती दाखवावी आणि आपल्या कामाला लागावे. शेजारी बसून सतत सुधारणा करणारा पालक हा मुलाच्या खेळाचा मोठा शत्रू होय. बैठे खेळ तर आपल्याकडे उदंड आहेत : सागरगोटे, पट, बुद्धिबळ, नाव-गाव-फळ-फूल. गाण्याच्या भेंड्या तेवढ्या बाप दुपारपाळीला गेलेल्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात!

छत्तीसगढाने मुलांना ह्या सुट्टीत एक हक्काचा सण दिलेला आहे. आपली अक्षय्य तृतीया, खानदेशातली आखाजी, तिथे अक्ती म्हणून साजरी होते. त्या सुमारास बाजारात मातीचे पुतरा-पुतरी, म्हणजे बाहुला-बाहुली, विकायला येतात आणि मुले त्यांचे साग्रसंगीत लग्न लावतात. मांडव घालायचा, तेल-हळद लावायची, वाजतगाजत वरात काढायची, पंगत वाढायची. मोठी माणसे वऱ्हाडी होऊन येतात आणि नवऱ्यामुलीला टिकावन, म्हणजे आहेर, करतात. आपल्याकडच्या भातुकलीतही बाहुलीचे लग्न असे. पण ते आता बहुधा आठवणींतच उरले आहे. तिथे मात्र साऱ्या गल्लीने त्याला मान द्यायचा असतो. ह्या सणाला एक काळी बाजूही आहे. ह्याच मुहूर्तावर खऱ्याखुऱ्या अल्पवयीन मुलांची लग्ने लावली जात, आणि २००६ च्या कायद्यानंतरही त्या दिवशी सरकारी यंत्रणेला डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. म्हणूनच लग्न बाहुल्यांचेच असावे, हे मुलांना ह्या निमित्ताने सांगून टाकणे बरे. भिलाईतल्या मराठी घरांनी हा सण आपलासा करावा असे मला वाटते. एका लग्नाच्या तयारीत सुट्टीचा एक आठवडा सहज जातो : कागदाच्या पताका, चिंध्यांचा शालू, पाहुण्यांची यादी, आणि हाताने लिहिलेली लग्नपत्रिका.

ही पत्रिका मराठीत लिहायला सांगावी. भिलाईत वाढणाऱ्या मराठी मुलाची शाळा हिंदी किंवा इंग्रजीत असते, खेळगडी हिंदीत बोलतात, आणि मराठी उरते ती ताटावर बसल्यानंतरच्या दहा वाक्यांपुरती. तिसऱ्या पिढीत तर वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी पायरी अनेक घरांनी ओलांडली आहे. सुट्टीत धडे गिरवायला लावले तर मूल भाषेचा रागच करील. पण आज्जीला पत्र, बाहुलीची पत्रिका, खेळाचे नियम अशा निमित्तांनी लिहिले, तर ते अंगी लागते. वाचायला बालभारतीचे 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघणाऱ्या ह्या मासिकाचे जुने अंकही आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पडदा दाखवायचाच असेल तर असा दाखवावा.

आणि मराठीबरोबर इतरांच्याही भाषा आहेतच. इतक्या प्रांतांचे लोक शेजारी राहण्याचा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मुलाच्या हाती एक वही द्यावी आणि सांगावे, "जा, आपल्या विटी-दांडूला कोण काय म्हणते ते विचारून ये." बंगाली काकू सांगतील डांगुली, तमिळ घरात कळेल किट्टिपुल, मल्याळी आजोबा म्हणतील कुट्टियुम कोलुम, कानडी घरात चिन्नी-दांडू, आणि छत्तीसगढी कामवाल्या मावशी सांगतील गिल्ली-डंडा. फुगडीची गंमत तर औरच. आपल्या मुली एकमेकींचे हात धरून गरगर फिरतात ती आपली फुगडी. छत्तीसगढी फुगडीत उकिडवे बसून एकेक पाय झपझप पुढेमागे करायचा असतो. नाव एक, खेळ दोन! २०२२ साली तिथल्या शासनाने भरवलेल्या छत्तीसगढी ऑलिंपिकमध्ये गिल्ली-डंडा, भौंरा, बाटी, पिट्ठूल यांबरोबर ह्या फुगडीलाही स्थान होते.

संध्याकाळ उतरल्यावर फार सांगावे लागत नाही. सेक्टरांतली मैदाने आहेत, खेळांची उन्हाळी शिबिरे भरतात. भारत-सोव्हिएत स्नेहाची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली मैत्रीबाग आहे. तिथले पांढरे वाघ पाहायला मुले कितीही वेळा तयार असतात. तलावांबद्दल मात्र बजावले पाहिजे. छत्तीसगढ हा तलावांचा मुलूख. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले दिसले तरी गाळ आणि खड्डे दिसत नाहीत. पोहता येणारे मोठे माणूस बरोबर असल्याखेरीज मुलांना पाण्यापाशी धाडू नये.

भिलाईचे आणखी एक नाव झाले आहे, ते प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचे. सातवी-आठवीतल्या मुलाची सुट्टीदेखील आता "पाया पक्का" करण्याच्या वर्गांत जाऊ लागली आहे. मोठ्या मुलांना त्याची निकड असेल. बारा वर्षांच्या मुलाला ती आहे, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. ज्याने चौकोन कलंडताना आणि त्रिकोण ताठ राहताना बोटांनी अनुभवला आहे, त्याचा पाया कच्चा कसा म्हणावा?

शेवटी एक प्रयोग सांगतो, कारण तो सबंध सुट्टी पुरतो. खोलीचे तापमान दाखवणारे साधे तापमापक दोन आणावेत. एक तसेच टांगावे. दुसऱ्याच्या खालच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून चिंधीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. रोज दुपारी तीन वाजता मुलाने दोन्हींचे आकडे वहीत उतरवावेत. पाणी सुकताना उष्णता ओढून घेते, म्हणून ओले तापमापक खाली असते. मेच्या कोरड्या हवेत हा फरक दहा अंशांहूनही अधिक भरतो. माठातले पाणी गार का लागते आणि कूलरला वाळ्याचा पडदा का लावतात, हे त्यावरून कळते. जून उजाडला की हवेत बाष्प येऊ लागते आणि फरक कमी कमी होत जातो. कूलर चालू असूनही घामाने अंग चिकचिकते, आणि मोठी माणसे कूलर बिघडला म्हणून कुरकुरतात. ज्याने वही भरली आहे त्या मुलाला ठाऊक असते की कूलर ठीक आहे. फरक दोन-तीन अंशांवर येतो, तेव्हा बहुधा पहिला पाऊस पडून गेलेला असतो आणि दप्तरे झटकायची वेळ झालेली असते.